काकू, मनगट सरळ!

मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि त्याची गिटार कपाटावर तशीच राहिली. दर दिवाळीला मी तिच्यावरची धूळ पुसायची, तेवढंच आमचं नातं. एकदा पुसता पुसता तारांवरून बोट फिरलं आणि वाटलं, आपण का नाही? वय वर्षं सत्तेचाळीस!

घरात कुणाला सांगितलं नाही. ‘आता या वयात?’ हे ऐकायची तयारी नव्हती. दुपारची आवराआवर झाली, की मोबाइल डब्याला टेकवून ठेवायचा आणि व्हिडिओ बघत वाजवायचं. फुकटातला गुरू! एकच धडा दहा वेळा लावा, कधी वैतागत नाही.

आणि खरं सांगते, बरंच जमलं. सहा तारांची नावं पाठ झाली. जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई. तारा सुरात लावायला मोबाइलवर ट्यूनर मिळतो. सुरुवातीला बोटांची टोकं भांडी घासताना झोंबायची. दोन-तीन आठवड्यांत कातडी घट्ट झाली. तीन किंवा जास्त सूर एकदम वाजले की कॉर्ड होते. जी, सी, डी आणि ई मायनर या चार कॉर्ड आल्या, तरी कितीतरी गाण्यांना साथ करता येते.

गाडी अडली ती ‘एफ’वर. यात पहिलं बोट आडवं ठेवून सहाही तारा दाबायच्या. दोन महिने झटले, पण नुसती खरखर! मी आणखी जोर लावला. मग पोळ्या लाटताना मनगटात कळ यायला लागली. ‘हातच म्हातारे झाले,’ म्हणत गिटार पुन्हा कपाटावर ठेवली.

मनगटाला मलम लावताना ह्यांनी विचारलं आणि गुपित फुटलं. हे म्हणाले, ‘‘अगं, मग क्लास लाव ना!’’ आणि माझ्याच तोंडून आलं, ‘‘फी किती पडेल, माहितीय का?’’ मुलाच्या क्लासची फी भरताना हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. रात्रभर तेच डोक्यात. सकाळी उठून नाव घातलं.

क्लासमध्ये सगळी शाळकरी पोरं. सर बावीस वर्षांचे. मी त्यांना ‘सर’ म्हणते, ते मला ‘काकू’. पहिल्या पाच मिनिटांत ते म्हणाले, ‘‘काकू, मनगट सरळ! अंगठा मानेच्या मागे ठेवा.’’ माझं बोट धातूच्या पट्टीपासून, म्हणजे फ्रेटपासून, लांब पडत होतं. म्हणून जोर जास्त लागायचा आणि तार खरखरायची. शिवाय गिटारच्या तारा फार उंच होत्या. त्या सरांनी खाली घेतल्या. तीन आठवड्यांनी ‘एफ’ वाजली. हात म्हातारे नव्हतेच मुळी! व्हिडिओत मी शिकवणाऱ्याला बघत होते, पण मला बघणारं कुणी नव्हतं.

स्वतःच शिकून मोठे झालेले वादक आहेतच. जिमी हेंड्रिक्स प्रामुख्याने आपलं आपणच शिकला. पण गिटारवर शास्त्रीय राग वाजवणारे ब्रिजभूषण काब्रा यांनी तालीम घेतली ती सरोदवादक अली अकबर खाँ यांच्याकडे. वाद्य वेगळं, तरी चूक ऐकणारा कान हवाच.

तेव्हा मैत्रिणींनो, फीसाठी अडून बसू नका. पहिले दोन-तीन महिने घरीच शिका. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बरी. मोबाइल समोर ठेवून स्वतःचा व्हिडिओ काढा आणि हात कसा दिसतो ते बघा. मग महिन्यातून एकदा तरी जाणत्या माणसाला दाखवा. गावात कुणी नसेल, तर व्हिडिओ कॉलवर. एक मात्र लक्षात ठेवा. बोटांची टोकं सुरुवातीला दुखणारच, पण मनगट किंवा कोपर दुखलं, तर लगेच थांबा. तिथे जोर नाही, पद्धत चुकतेय.

परवा मुलगा सुट्टीला आला. कपाटावर हात फिरवत म्हणाला, ‘‘आई, माझी गिटार कुठंय?’’

‘‘तुझी होती,’’ मी म्हटलं, ‘‘आता माझी आहे. तुला हवी तर संध्याकाळी देईन, माझा रियाज झाल्यावर!’’