आधी वाट प्राण्याची

दहिवली-कर्जतकरांना जंगल नवे नाही. एका अंगाला माथेरान, दुसऱ्या अंगाला भीमाशंकरचे डोंगर. पण ताडोबा-पेंचच्या जिप्सीत बसलो की आपण बदलतो. बुकिंग, गाडी, गाईड यांचे पैसे मोजलेले असतात, म्हणून वाघ दिसलाच पाहिजे असे वाटू लागते आणि चुका तिथूनच सुरू होतात. सफारीचे नियम बरेच आहेत, पण सगळ्यांचा गाभा एकच: प्राण्याची वाट, त्याचे खाणे आणि त्याची विश्रांती आपल्यामुळे मोडता कामा नये.

उमरेडला काय घडले?

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावकडच्या भागात ‘एफ-२’ ही वाघीण पाच पिल्लांसह रस्त्यावर आली. दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या जिप्सी उभ्या राहिल्या आणि ती मधोमध अडकली. चित्रफीत सर्वत्र पसरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. जिप्सीचालक आणि गाईड यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली.

पिल्लांसोबतच्या वाघिणीला निसटायला वाट मोकळी हवी असते. ती बंद झाली तर आई आणि पिल्ले एकमेकांपासून तुटू शकतात, किंवा बिथरलेली वाघीण गाडीवरही येऊ शकते.

अंतर किती ठेवावे?

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्राण्यापासून किमान २० मीटर आणि दोन गाड्यांमध्ये ५० मीटर अंतर हवे. एकामागे एक उभ्या केलेल्या दोन एसटी बसगाड्यांची लांबी म्हणजे साधारण २० मीटर. प्राणी चालता चालता थबकला, कान मागे पाडले, गुरगुरला किंवा पिल्लांना आडोशाला नेऊ लागला, तर हे अंतरही कमी पडते आहे असे समजावे. चालकाला गाडी मागे घ्यायला सांगावे. प्राणी रस्ता ओलांडत असेल तर त्याच्यापुढे गाडी घालू नये.

शांतता आणि मोबाइल

वाघ आधी कानांनी सापडतो. सांबर, चितळ, वानर धोक्याचा आवाज देतात, त्याला गाईड ‘कॉल’ म्हणतात. गाडीत गप्पा रंगल्या तर हा कॉल ऐकूच येत नाही. ताडोब्यात सफारीत मोबाइल न्यायला बंदी आहे. एका फोनवरून ‘साइटिंग’ची खबर फुटली की सगळ्या गाड्या एकाच जागी धावतात आणि कोंडी होते. कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवावा, गाडीतून उतरू नये, कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे घालावेत.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात वन्यप्राण्यांना त्रास देणे किंवा कचरा टाकणे हा नियमभंग आहे. म्हणजे झोपलेल्या प्राण्याला उठवायला टाळी वाजवणे किंवा वेफर्सचे पाकीट भिरकावणे हे नुसते वाईट वागणे नाही, कायद्याचेही उल्लंघन आहे.

आपल्या दारातले जंगल

हीच शिस्त घराजवळही हवी. कशेळे-खांडसवरून वर चढले की भीमाशंकर अभयारण्य लागते. १९८५ मध्ये ते घोषित झाले, ते मुख्यतः शेकरूसाठी. आपला हा राज्यप्राणी फांद्यांवरूनच फिरतो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. तो दिसावा म्हणून झाड हलवू नये, दगड मारू नये, स्पीकर लावू नये.

पनवेलजवळच्या कर्नाळा पक्षी अभयारण्यात घरट्याजवळ जाऊ नये. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये, कारण हद्दीत दुसरा पक्षी घुसला असे समजून तो खाणे किंवा पिलांची राखण सोडून धावतो.

माथेरानच्या माकडांना खाऊ देऊ नये. एकदा सवय लागली की ती पिशव्या हिसकावतात, चावतात, आणि मग दोष त्यांच्याच माथी येतो.

पावसाच्या तोंडावर काजवे चमकतात ते जोडीदार शोधण्यासाठी. बॅटरी, फ्लॅश आणि गाडीचे दिवे त्या खुणा पुसून टाकतात. दिवे बंद करून वाटेवरच उभे राहावे. गवतात शिरले तर जमिनीलगतच्या माद्या आणि अळ्या पायाखाली येतात.

गाईडवर दबाव नको

उमरेडला कारवाई झाली ती चालक आणि गाईडांवर. पण ‘जरा पुढे घ्या, टिप देतो’ हा आग्रह गाडीतूनच होतो. त्यांची रोजीरोटी या कामावर चालते, म्हणून नियम पाळणाऱ्या गाईडला त्या दिवशी वाघ दिसला नाही तरी टिप द्यावी. जंगलात शिरण्याआधीच त्याला सांगून टाकावे, ‘दादा, वाघ नाही दिसला तरी चालेल, पण कुणाची वाट अडवू नका.’ तरीही गाडीने प्राण्याला घेरले, तर गाडीचा क्रमांक लक्षात ठेवून प्रवेशद्वारावरच वनाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी.