'क्वीन'ची काळी बाजू

संगीत निर्माते रॉय थॉमस बेकर १२ एप्रिल २०२५ रोजी गेले आणि मथळ्यांमध्ये एकच गाणं झळकलं: 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. त्या गाण्याची थोरवी कोण नाकारेल? पण ती सगळी करामत बेकर आणि 'क्वीन' यांनी दोन वर्षं आधीच, ऑगस्ट १९७३मध्ये, लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत करून पाहिली होती. ८ मार्च १९७४ला बाजारात आलेला 'क्वीन टू' हा बँडचा दुसरा अल्बम म्हणजे त्या करामतीचा पुरावा, आणि माझ्या मते त्यांचं सर्वांत धाडसी काम.

पहिला अल्बम त्यांनी याच स्टुडिओत, इतरांची रेकॉर्डिंग आटोपल्यावर उरलेल्या वेळात केला होता. आता हक्काच्या वेळा मिळाल्या आणि पोरं सुटलीच. रेकॉर्डच्या दोन बाजूंना त्यांनी 'ए' आणि 'बी' म्हटलंच नाही; एक पांढरी, एक काळी. पांढरी बाजू मुख्यतः गिटारवादक ब्रायन मेची, त्यात शेवटचं गाणं ड्रमर रॉजर टेलरचं. काळी बाजू पूर्णपणे फ्रेडी मर्क्युरीची: सहा गाणी, एकमेकांत मिसळत जाणारी.

फ्रेडीचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी पाचगणीला जाते आणि तिथेच थांबते. सेंट पीटर्स शाळेतला फारुख बुलसारा, 'द हेक्टिक्स' हा त्याचा शाळकरी बँड, याचा अभिमान मलाही आहे. पण काळी बाजू कळायला ईलिंगच्या आर्ट कॉलेजातला ग्राफिक डिझाइनचा विद्यार्थी पाहावा लागतो. हा मुलगा गाण्याकडे चित्रकाराच्या नजरेनं बघत होता.

टेट गॅलरीत रिचर्ड डॅडचं एक चित्र आहे, 'द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक'. जेमतेम ५४ बाय ३९ सेंटिमीटर. वडिलांचा खून केल्यानंतर डॅड बेथलेमच्या मनोरुग्णालयात होता; तिथे १८५५ ते १८६४ अशी नऊ वर्षं तो हे चित्र रंगवत राहिला आणि तरीही ते अपुरंच राहिलं. गवताच्या पात्यांआड परीराज्यातली माणसं दाटीवाटीनं उभी आहेत, मधोमध लाकूडतोड्यानं कुऱ्हाड उगारली आहे, घाव अजून पडायचा आहे. फ्रेडीनं बँडच्या मंडळींना हे चित्र दाखवायला टेटमध्ये नेलं आणि त्याच नावाचं गाणं केलं. जेमतेम पावणेतीन मिनिटांत हार्प्सिकॉर्ड, थरांवर थर चढवलेले आवाज आणि खुद्द बेकर यांनी वाजवलेली कॅस्टनेट्स. एकदा ऐकून सगळं हाती लागत नाही, जसं ते चित्रही एका नजरेत मावत नाही.

हे थर चढवणं किती जिकिरीचं होतं, हे आज लॅपटॉपवर हवे तितके ट्रॅक उघडणाऱ्यांना सांगायला हवं. टेपवर १६ ट्रॅक. ते भरले की त्यांचं मिश्रण करून एक-दोन ट्रॅकवर उतरवायचं आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा गायचं. प्रत्येक उतरवणीत टेपची खरखर वाढणार आणि एकदा मिसळलेले आवाज पुन्हा वेगळे होणार नाहीत. म्हणजे कोणता सूर किती मोठा, हे आधीच ठरवायचं. चूक झाली तर सगळं पहिल्यापासून. आणि हे सारं सिंथेसायझरला हात न लावता. मेची गिटारही त्यानं वडिलांबरोबर घरी बनवलेली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून.

समीक्षकांपैकी अनेकांना हे पचलं नाही. 'रेकॉर्ड मिरर'नं तर अल्बमला ग्लॅम रॉकचा गाळ ठरवलं. फॅशन डिझायनर झँड्रा ऱ्होड्सनं बँडसाठी केलेले झुळझुळीत कपडे, रंगवलेली नखं बघून त्यांनी कान मिटून घेतले असावेत, असं मला वाटतं. ब्रिटनमधल्या श्रोत्यांनी मात्र अल्बम पाचव्या क्रमांकावर नेला आणि 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय' हे गाणं दहाव्या.

मिक रॉकनं टिपलेला मुखपृष्ठाचा फोटोही, काळोखातले चार चेहरे, मार्लेन डीट्रिचच्या 'शांघाय एक्स्प्रेस' या चित्रपटाच्या छायाचित्रावरून सुचलेला. १९७५च्या 'बोहेमियन'च्या व्हिडिओत तीच रचना जशीच्या तशी आली. पण त्या गाण्याचं खरं मूळ 'द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन'मध्ये आहे: साडेसहा मिनिटं, सतत पालटणारी लय, समूहगानाचे लोटच्या लोट. हे गाणं 'क्वीन'नं मंचावर कधीच पूर्ण सादर केलं नाही, त्यातले तुकडेच घेतले. तेव्हा ते संपूर्ण ऐकायला रेकॉर्डच लावावी लागते, आणि लावाच. काळी बाजू, पहिल्या गाण्यापासून, मध्ये न थांबता.