कुवेतचे शेख आणि त्यांचे व्यापारी

राजेशाहीत राजाचाच शब्द अखेरचा, असं आपण धरून चालतो. कुवेतचा इतिहास वाचला की या समजुतीला तडा जातो.

तेलापूर्वी कुवेतची सारी मदार मोती, खजूर आणि गलबतांवर होती. गलबतांचं सागवान मलबारहून यायचं, मोती मुंबईच्या बाजारात विकले जायचे. १९६१ साली दिनार येईपर्यंत तिथे चलन म्हणून रुपयाच चालायचा. गादी अल-सबाह घराण्याची, पण खजिना भरायचा तो व्यापाऱ्यांच्या करांतून आणि जकातीतून. साहजिकच शेखांना त्यांची मर्जी राखावी लागे. १९१०च्या सुमारास शेख मुबारक यांनी कर वाढवले, तेव्हा हिलाल अल-मुतैरी यांच्यासारखे बडे मोती-व्यापारी थेट बहरीनला निघून गेले. अखेर शेखांनाच नमतं घेऊन त्यांची मनधरणी करावी लागली. १९३८ साली व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने निवडून आलेलं विधिमंडळही स्थापन झालं, पण ते वर्ष संपायच्या आत शेखांनी ते बरखास्त केलं.

त्याच वर्षी बुरगानला तेल लागलं. १९४६मध्ये निर्यात सुरू झाली आणि पारडं फिरलं. जकातीवाचून आता शेखांचं काही अडत नव्हतं. अभ्यासक जिल क्रिस्टल यांच्या मते यातून एक अलिखित समझोता झाला: व्यापाऱ्यांनी राजकारणातून अंग काढून घ्यायचं आणि त्या बदल्यात तेलाचा पैसा त्यांच्यापर्यंत पोहोचायचा. सरकारने शहरातल्या जमिनी चढ्या भावाने विकत घेतल्या. १९६०च्या कायद्याने कंपन्यांत किमान ५१ टक्के भांडवल कुवेती असणं बंधनकारक केलं. परदेशी माल विकायचा तर कुवेती एजंट लागायचाच. धोरणांबाबत व्यापाऱ्यांचं म्हणणं मांडायला चेंबर ऑफ कॉमर्स होतंच.

मात्र राजकारण त्यांनी कायमचं सोडलं नव्हतं. ऑगस्ट १९९०मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केलं. ऑक्टोबरमध्ये परागंदा राजघराण्याने जेद्दाला कुवेतींची परिषद बोलावली. देश हातचा गेलेला, त्यामुळे प्रजेचा पाठिंबा जगाला दाखवणं शेखांना भाग होतं. तिथे चेंबरचे अध्यक्ष अब्दुलअझीझ अल-सक्र उभे राहिले. १९६३च्या पहिल्या संसदेचे सभापतीही तेच होते. शेखांच्या समोरच त्यांनी १९६२च्या राज्यघटनेकडे परतण्याचा आग्रह धरला. १९८६पासून बरखास्त असलेल्या संसदेची निवडणूक अखेर १९९२मध्ये झाली.

तेलाने शेखांना व्यापाऱ्यांच्या पैशातून मोकळं केलं. त्यांच्या संमतीची गरज मात्र तेलालाही संपवता आली नाही.