खोल खडक, उथळ समुद्र

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या फलाटावरून खोदलेल्या विहिरीत तिथे तेल लागलं. आज तिथे पाणी जेमतेम ७५ मीटर खोल, पण तेलाचा मुख्य साठा सुमारे १,३०० मीटर खोलीवरच्या चुनखडकात. त्यावरून अनेकांचा समज होतो, की एवढ्या खोलवरचा खडक अथांग समुद्राच्या तळाशीच घडला असणार.

तसं नाही. खडक आज किती खोल आहे यावरून त्याचा तळ नंतर किती खचला आणि वर किती गाळ साचला, एवढंच कळतं. तेव्हाचा समुद्र किती खोल होता, ते खडकालाच विचारावं लागतं. या चुनखडकाची कागदाहून पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरा. मायोजिप्सिनासारखे फोरॅमिनिफेरा दिसतात, कवच असलेले एकपेशीय जीव. मोठ्या कवचाचे त्यांचे आजचे भाईबंद पोटात शैवाल बाळगतात आणि शैवालाला ऊन लागतं. म्हणजे सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी इथे तळापर्यंत उजेड पोचत होता. पाणी उबदार, नितळ, उथळ होतं. ते कायम होतं असंही नाही. मधूनमधून समुद्र मागे हटला, चुनखडक उघडा पडला आणि पावसाच्या पाण्याने काही ठिकाणी विरघळून सच्छिद्र झाला. तेल आज याच बारीक छिद्रांमध्ये आहे. जमिनीखाली तेलाचं तळं असतं, ही समजूत म्हणूनच चुकीची.

एखादा जीवाश्म सापडला की काम झालं, असंही वाटतं. मला या शास्त्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट इथेच दिसते: पुराव्यावरही संशय घेण्याची शिस्त. विहीर खोदताना वापरलेल्या चिखलाबरोबर वर येणारा खडकाचा चुरा धुऊन चाळतात, पण त्यात विहिरीच्या भिंतीवरून ढासळलेले वरच्या थरांतले कणही मिसळलेले असतात. म्हणून खाली जाताना एखादी जात पहिल्यांदा कुठे दिसली, त्या नोंदीवर भर देतात. ती शेवटची कुठे दिसली, यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. तरंगणाऱ्या आणि तळाशी राहणाऱ्या फोरॅमिनिफेराचं प्रमाणही मोजतात. किनाऱ्यापासून खुल्या समुद्राकडे जावं तसे तरंगणारे वाढतात. मात्र फार खोल पाण्यात कवचंच विरघळतात, तेव्हा हा हिशेबही एकट्याने पुरत नाही.

राहिला डायनोसॉरचा गैरसमज. तेल त्यांच्यापासून बनत नाही. मुंबई हायच्या तेलाचा उगम आसपासच्या सखल भागांतल्या ‘पन्ना’ नावाच्या जुन्या थरांत मानतात. तिथून ते सरकत वरच्या चुनखडकात आलं. पन्नातल्या शेल नावाच्या काळपट, चिकणमातीच्या खडकात कोळशाचे पट्टेही आहेत. कोळसा म्हणजे दलदल, झाडोरा, किनारा. त्याच्याही खाली अनेक ठिकाणी जो काळा बेसॉल्ट लागतो, तो सह्याद्रीचाच.