पॉवर स्टिअरिंगची तेलगळती: घरी काय करता येईल, काय टाळावे

मोटारीच्या पुढील भागाखाली लालसर किंवा पिवळसर तेलाचे डाग दिसू लागले आणि त्याच सुमारास स्टिअरिंग जड झाले, तर पॉवर स्टिअरिंगच्या तेलाला गळती लागली असण्याची शक्यता असते. अशा वेळी टाकीत तेल ओतून वेळ मारून नेण्याकडे अनेकांचा कल असतो. मात्र गळती नेमकी कोठून होते, हे शोधणे हाच दुरुस्तीचा निम्मा भाग आहे. काही गळत्या घरच्या घरी थांबविता येतात, तर काहींना हात लावणे धोक्याचे ठरते.

तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग विक्रीसाठीच्या मोटारीत प्रथम १९५१ साली अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने आणले. आज बहुतेक नव्या छोट्या मोटारींचे स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालते व त्यात तेल नसते. त्यामुळे हा प्रश्न प्रामुख्याने जुन्या मोटारींचा आणि अनेक अवजड वाहनांचा आहे.

या यंत्रणेत इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलावर दाब निर्माण करतो. हे तेल एका मजबूत नळीतून स्टिअरिंग रॅककडे जाते आणि दुसऱ्या, कमी दाबाच्या नळीतून टाकीत परतते. पहिल्या नळीतील दाब शंभर बारच्या आसपास जाऊ शकतो. टायरमधील हवेचा दाब साधारण सव्वादोन बार असतो, हे लक्षात घेतल्यास त्याची कल्पना येईल.

गळती शोधण्यासाठी रात्री मोटारीखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरावा. सकाळी डाग कोठे पडला, यावरून दिशा कळते. त्यानंतर थंड इंजिनवर पंप, टाकी व नळ्या फडक्याने पुसून काढाव्यात. मग हँडब्रेक लावून इंजिन सुरू करावे, दुसऱ्या व्यक्तीस स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरविण्यास सांगावे आणि दुरून विजेरीच्या प्रकाशात पाहावे. स्टिअरिंग टोकाला पाच सेकंदांहून अधिक काळ धरून ठेवू नये. गळतीची जागा हाताने चाचपू नये. दाबाखालील तेलाची बारीक धार कातडीत शिरून गंभीर इजा होऊ शकते.

तेल परतीच्या नळीच्या जोडावर पाझरत असेल, तर दुरुस्ती सोपी आहे. इंजिन बंद करून थंड झाल्यावर जोडावरील क्लिप स्क्रूड्रायव्हरने बेताने आवळावी. नळीचे टोकच चिरले असेल आणि लांबी पुरेशी असेल, तर तेवढा तुकडा कापून नळी नव्या क्लिपने बसवावी. नळी सर्वत्र कडक झाली असल्यास ती बदलावी. नवी नळी तेल सोसणाऱ्या रबराचीच असावी, पाण्याची नळी चालत नाही.

त्यानंतर वाहनाच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल खुणेपर्यंत भरावे. ब्रेक ऑइल कदापि वापरू नये. त्याने यंत्रणेतील रबरी सील खराब होतात. नळीत शिरलेली हवा काढण्यासाठी मागील चाकांना ठोकळे लावून पुढील चाके उचलावीत आणि मोटार भक्कम स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर राहू नये. इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग सावकाश दोन्ही टोकांपर्यंत अनेकदा फिरवावे व पातळी राखावी. तेलात फेस दिसत असेल, तर हवा अद्याप शिल्लक आहे असे समजावे.

उच्च दाबाची नळी, पंप किंवा रॅकचे सील यांतून गळती होत असल्यास काम कार्यशाळेकडेच सोपवावे. अशा नळीवर चिकटपट्टी गुंडाळणे व्यर्थ आहे. गळती थांबविणारी रसायने रबर फुगवून काही काळ पाझर रोखतात. फाटलेली नळी त्यांनी सांधली जात नाही.

तेल संपल्यावर स्टिअरिंग बंद पडत नाही, परंतु कमी वेगात ते अतिशय जड होते. घाटातील अरुंद वळणावर हाच बदल जीवघेणा ठरू शकतो. कोरडा पंप लवकर निकामी होतो आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पडलेले तेल पेटू शकते. म्हणून टाकीतील तेल वारंवार भरावे लागणे, ही गळतीची सूचना समजून वाहन बाहेर काढण्यापूर्वीच तिचा उगम शोधणे हिताचे ठरते. काढलेले तेल मात्र गटारात न ओतता बंद डब्यात भरून वापरलेले तेल स्वीकारणाऱ्या कार्यशाळेत द्यावे.