सोलापूरकरांनो, रविवारी मुलांना घेऊन जंगलात चला!

सोलापुरात जंगल कुठलं, असं विचारणाऱ्यांसाठी ही पोस्ट. दोन ठिकाणं सुचवतो.

🌳 सिद्धेश्वर वनविहार
विजापूर रस्त्यावरचं वनविभागाचं हे वन शहराला लागूनच आहे. झाडीतून जाणाऱ्या पायवाटांवर लहानग्यांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांना फिरता येतं. सकाळी लवकर गेलात तर पक्षी जास्त दिसतील. जवळच्या धर्मवीर संभाजी तलावावर पाणपक्षीही पाहता येतात.

🦌 नान्नज माळढोक अभयारण्य
बार्शी रस्त्याने साधारण २० किमी. १९७९ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य म्हणजे गवताळ माळरान. दाट झाडी शोधू नका. इथल्या जिवांना मोकळं माळच लागतं. काळविटांचे कळप हमखास दिसतात. नशीब असेल तर लांडगा, खोकड. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी येतात आणि गवतावरून अगदी खालून घिरट्या घालतात. माळढोक मात्र आता अतिदुर्मीळ झालाय. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. म्हणून वाट सोडून गवतात शिरू नका.

🎒 कधी जाल, काय न्याल?
नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. दुर्बीण, पाणी, टोपी, मातकट रंगाचे कपडे. शेंगाचटणी-भाकरी बांधून न्या, पण प्लास्टिक परत आणा. प्राण्यांना काही खायला घालू नका. प्रवेशाची वेळ आणि शुल्क निघण्याआधी वनविभागाकडून विचारून घ्या.

तुम्हाला कुठला पक्षी दिसला? फोटोसह नक्की सांगा!

#सोलापूर #नान्नज #माळरान