कात्रजला गेलात की शिंगं नीट बघा!

बिबवेवाडीकरांनो, कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आपल्याला किती जवळ! तिथे सगळे वाघाकडे धावतात; मी मात्र खूरवाल्यांपाशी रेंगाळते.

चितळ आणि सांबराच्या नरांची शिंगं निव्वळ हाडाची. ती ठरावीक काळाने गळतात आणि नवी फुटतात. वाढताना त्यांच्यावर मखमली कातडं असतं. काळविटाचं तसं नाही. आत हाड, वर आपल्या नखांत असतं त्याच केराटिनचं आवरण, आणि ही पीळदार शिंगं आयुष्यभर टिकतात. गव्यात तर मादीलाही शिंगं असतात. त्याचे गुडघ्याखालचे पांढरे पाय पाहिलेत? जणू मोजेच घातलेत.

काळवीट मुख्यतः गवतावर जगतं. सांबर गवताबरोबर झाडपाला, फळंही खातं. या चौघांनाही वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे कडक हिरडी असते. खालच्या दातांनी चारा तिच्यावर दाबायचा आणि तोडायचा. मग निवांत बसून रवंथ. गवा बसलेला असेल तर थोडं थांबा: घास गिळला की क्षणभर जबडा थांबतो, पुढचा गोळा गळ्यातून वर सरकताना दिसतो आणि जबडा पुन्हा आडवा फिरू लागतो. मुलांना हे जरूर दाखवा. फक्त प्राण्यांना काही खायला घालू नका, पोटातल्या जंतूंचं गणित बिघडतं.

बुधवारी प्राणिसंग्रहालयाला सुट्टी असते.